कांद्याची मालमोटार आणि नाके

पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशाचा कांदा बुर्किना फासो ओलांडून घानाच्या बाजारात जातो. ती मालमोटार तुमची आहे, असे घटकाभर समजा. कागदपत्रे चोख आहेत. तरी वाटेत नाका लागतो. शिपाई हात करतो, कागद चाळतो, आणि ते परत द्यायची मुळीच घाई करीत नाही. इकडे ताडपत्रीखाली कांद्याला घाम सुटू लागतो. तुम्ही काय कराल? मुकाट्याने खिशात हात घालाल! ही लाच गुन्हा लपवण्यासाठी नव्हे, वेळ वाचवण्यासाठी असते. आणि ती शेवटी भरतो कोण? शेतकरी आणि गिऱ्हाईक.

कायदा नाही म्हणून हे चालते, असे मात्र नाही. तिकडच्या राष्ट्रांनी १९७५ साली लागोस येथे आर्थिक संघ स्थापला आणि १९७९ साली मुक्त संचाराचा करार केला. पुढे फ्रँक हे समाईक नाणे वापरणाऱ्या आठ देशांनी २००५ साली ठरवले की, नाके तीनच असावेत : निघताना, सरहद्दीवर आणि पोचल्यावर. ठराव कागदावर राहिला, नाके रस्त्यावर राहिले.

मग एक साधा उपाय निघाला. ज्यांचे कागद पूर्ण आहेत अशाच चालकांना तक्ते देण्यात आले. कुठे थांबवले, किती वेळ गेला, किती पैसे द्यावे लागले, हे त्यांनी टिपायचे. ते आकडे देशवार आणि खातेवार छापून जाहीर होऊ लागले.

तुम्ही म्हणाल, पगार वाढवा, लाच आपोआप थांबेल. घानाने २०१० साली पोलिसांचे पगार जवळजवळ दुप्पट केले. चालकांच्या त्याच नोंदी तपासून फोल्ट्झ व ओपोकू-आग्येमांग या अभ्यासकांनी २०१५ साली दाखवले की, पोलिसांची लाच घटली नाही, उलट वाढली! तेव्हा नुसता पगार पुरत नाही. अडवण्याची संधीच कमी झाली पाहिजे.

जानेवारी २०२५ मध्ये माली, बुर्किना फासो आणि नायजर त्या मोठ्या संघातून बाहेर पडले. त्या भागात सशस्त्र टोळ्यांचाही उपद्रव आहे. सुरक्षेसाठी काही नाके लागतील, हे मान्य. पण तिथे घेतलेल्या पैशाची पावती आणि मोडलेल्या वेळेची नोंद नको का? चालकाच्या हातातला तो तक्ता म्हणूनच चालू राहायला हवा.