काचेवरच्या पेशी वाचायला शिकणारी मुलगी

(मंडळीच्या उपकारस्तुती सभेत केलेले भाषण)



आपल्या वसतिगृहातली एक मुलगी यंदा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे तिला सायटॉलॉजी शिकायची आहे. तिचे वडील मला म्हणाले, "ताई, नर्स होऊ द्या ना तिला. नर्स काय करते ते पाड्यावर सगळ्यांना कळतं." आपल्या समितीतही थोडाफार हाच सूर निघाला, म्हणून आज जरा सविस्तर सांगते.

सायटॉलॉजी म्हणजे पेशींची तपासणी. गर्भाशयाच्या मुखावरच्या थोड्या पेशी काढून काचेवर पसरतात आणि सुकण्याआधीच अल्कोहोलमध्ये बुडवतात. मग त्यांना रंग देतात. प्रयोगशाळेत बसलेली मुलगी ती काच मायक्रोस्कोपखाली ओळीने सरकवत जाते. हजारो चांगल्या पेशींत बिघडलेल्या मोजक्याच असतात. त्यांचे केंद्रक मोठे, गडद, कडा वेड्यावाकड्या. तिथे ती शाईचा ठिपका देते आणि काच पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांपुढे ठेवते. सही डॉक्टरांची, पण पहिली नजर हिची. ती चुकली तर पुढे कोणी पाहीलच असे नाही.

ही पद्धत अमेरिकेत काम करणाऱ्या जॉर्ज पापानिकोलाऊ या ग्रीक डॉक्टरांची. त्यांचे आणि हर्बर्ट ट्राउट यांचे पुस्तक 1943 साली आले. पत्नी मेरी वर्षानुवर्षे त्यांच्या प्रयोगशाळेत राबल्या, तपासणीसाठी स्वतःच्या पेशीही देत राहिल्या. त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही.

आपल्या पाड्यांवर हे का हवे? बाई अंगावरचे दुखणे सांगत नाही. शुभवर्तमानातली बारा वर्षे रक्तस्राव सोसलेली स्त्रीसुद्धा गर्दीतून, मागूनच आली. अशी बाई एकदाची तपासणीला येते, काच शहरात जाते आणि अहवाल येईपर्यंत ती वीटभट्टीवर निघून गेलेली असते. मानेवरच्या गाठीचेही तेच. बारीक सुईने पेशी काढून पाहिल्या तर क्षयरोग आहे की कर्करोग, हे बहुतेक वेळा चिरफाड न करता कळते. पण पाहणारे माणूस जवळ हवे.

काहींनी विचारले, आता एचपीव्ही विषाणूची चाचणी आली, मग हे शिक्षण जुने नाही का झाले? प्रश्न योग्य आहे. आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, 1999 पासून 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 2009 मध्ये आले आणि त्यात एचपीव्ही चाचणीच सरस ठरली. म्हणून आम्ही तिला स्पष्ट सांगितले, नुसत्या पॅप तपासणीवर आयुष्य बेतू नकोस. सुईने काढलेल्या पेशी, छातीतले-पोटातले पाणी, थुंकी, सगळे वाचायला शीक. एचपीव्ही सापडलेल्या बाईची पुढची तपासणी बऱ्याच ठिकाणी पेशी पाहूनच होते.

आता वाट. पदवीनंतर पॅथॉलॉजी विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात प्रशिक्षण, रोज काचा पाहणे, आणि त्यानंतर इंडियन अकॅडमी ऑफ सायटॉलॉजिस्ट्सची परीक्षा. तालुक्याच्या गावी सहा महिन्यांत 'लॅबचा कोर्स' विकणारे पुष्कळ आहेत. मान्यता कोणाची, विद्यार्थ्यांना काचा किती पाहायला मिळतात, हे विचारल्याशिवाय एक रुपया भरू नये. इंग्रजी शब्दांची तिला धास्ती आहे. रोज दहा शब्द वहीत लिहिते.

पैशांचे सांगते. मान्य अभ्यासक्रम असेल तर सरकारी शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो, पण जमातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, यांत महिने जातात आणि रक्कम उशिरा येते. तोवर शहरातली खोली, खाणावळ, प्रवास थांबत नाही. ही मधली दरी मंडळीने भरावी, एवढेच माझे मागणे आहे. दोन वर्षे धरून चला. एका वर्षात परिणाम दाखवा, असे मात्र कृपा करून कोणी म्हणू नका. नजर तयार व्हायला वेळ लागतो.

वडील अजून पुरते राजी नाहीत. पुढच्या आठवड्यात मी त्यांना मुलीबरोबर रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नेणार आहे. एक काच त्यांनी स्वतः पाहावी. तिथेच तिचे डोळेही तपासून घेऊ. या कामात रंग नीट ओळखता यावे लागतात.