चौतीस तारांची साखळी

(हीरक महोत्सवी समारंभातील भाषणाचा पाठ)



ज्या गावाच्या कारखान्यात देशाचे लोहमार्ग घडतात, त्या भिलाईत रुळांच्या मापाचे महत्त्व कुणाला वेगळे सांगावे लागत नाही. गोंदियाहून जबलपूरकडे जाणारा मार्ग पूर्वी अरुंद मापाचा होता. दुर्गहून रुंद मापाच्या गाडीने आलेल्या प्रवाशाला गोंदियाला उतरून, सामान उचलून त्या छोट्या गाडीत बसावे लागे. प्रवासी तोच, सामानही तेच. मात्र मापे जुळत नसल्याने मधला बदल अटळ होता. जुन्या घरगुती संगणकाला फ्लॉपी जोडण्याचे शास्त्र याच दाखल्यावरून उलगडते.

1984-85 मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला आणि आरंभी सुमारे 250 शाळांत ‘बीबीसी मायक्रो’ हे संगणक पोहोचले. इंग्लंडमधील केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचे हे यंत्र. त्याची स्मृती अवघी 32 किलोबाइट. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने त्याची ‘युनिकॉर्न’ ही भारतीय आवृत्ती काढली. त्याच दशकात पुण्याच्या डेसीबेल्स कंपनीने सिंक्लेअर स्पेक्ट्रमची भारतीय आवृत्ती बाजारात आणली. एका संपूर्ण पिढीने संगणकाचा श्रीगणेशा अशा यंत्रांवर गिरवला.

ही यंत्रे मुळात घरातील कॅसेट रेकॉर्डरवर विसंबून होती. बीबीसी मायक्रो कॅसेटवरून सेकंदाला 1200 बिट वाचत असे. म्हणजे 20 किलोबाइटची आज्ञावली चढवण्यास 3 मिनिटांहून अधिक वेळ लागे, आणि मध्येच ध्वनीची पातळी बिघडली तर फीत मागे घ्यावी लागे. फ्लॉपीवरून तेच काम काही सेकंदांत होई. परंतु ड्राइव्ह विकत आणून तारेने जोडली की काम भागले, असे नव्हते. ड्राइव्ह ही केवळ हात आहे. त्याला हुकूम देणारा नियंत्रक निराळा असतो. बीबीसी मायक्रोच्या मुख्य फलकावर त्यासाठी जागा राखलेली होती. तेथे इंटेलची 8271 ही चिप, तिच्या सोबतच्या काही चिपा आणि फ्लॉपीची भाषा जाणणारा ‘डीएफएस’ रॉम बसवावा लागे. स्पेक्ट्रममध्ये अशी जागा नसल्याने नियंत्रकाचे स्वतंत्र कार्ड यंत्राच्या पाठीमागील जोडणीत खोवावे लागे.

या सोयीचे मोलही मोजावे लागे. डीएफएस आपल्या कामासाठी स्मृतीतील 2816 बाइट अडवून ठेवी. कॅसेटवरून सुरळीत चालणारी मोठी आज्ञावली फ्लॉपीवर आणली की जागा अपुरी पडे. मग विद्यार्थी एकेक ओळ काटछाट करून ती बसवीत. काटकसर ही बुद्धीचीही शिस्त असते, हा धडा त्यांना यंत्राने दिला.

नियंत्रक आणि ड्राइव्ह यांना जोडणारी पट्टीसारखी केबल 34 तारांची असते. विषम क्रमांकाच्या तारा जमिनीच्या, म्हणजे शून्य दाबाच्या. सम तारांपैकी कुणी मोटर फिरवते, कुणी वाचन-लेखनाचे डोके पुढेमागे सरकवते, तर कुणी वाचलेली माहिती परत आणते. एकाच केबलवर दोन ड्राइव्ह असतील तर प्रत्येकीवरील छोट्या जंपरने तिचा क्रमांक ठरवायचा आणि केबलच्या शेवटच्या ड्राइव्हवरच अंत्य रोध ठेवायचा. आयबीएम पीसीच्या केबलमध्ये काही तारांना मुद्दाम पीळ दिलेला असतो, बीबीसीची केबल मात्र सरळ असते. पीसीमधून काढलेली ड्राइव्ह बीबीसीला जोडली आणि ती हाकेला ओ देईना, तर प्रथम तिचा क्रमांक पाहावा. दोष पुष्कळदा तेवढाच असतो.

फ्लॉपीवरही वर्तुळाकार मार्ग असतात आणि तेथे गोंदियाची गोष्ट पुन्हा घडते. काही ड्राइव्ह 40 मार्गांच्या, तर काही 80 मार्गांच्या. 80 मार्गांच्या ड्राइव्हने 40 मार्गांची फ्लॉपी वाचायची असेल, तर डोक्याने प्रत्येक वेळी दोन पावले टाकावी लागतात. तिच्यावर लिहिणे मात्र टाळावे. अरुंद डोक्याने उमटवलेला मार्ग मूळच्या रुंद डोक्याला नीट वाचता येईलच असे नाही.

हा विषय हीरक महोत्सवात कशासाठी, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर अनेक घरांच्या माळ्यावर पडलेल्या खोक्यांत आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या ‘जिस्ट’ कार्डामुळे पीसीवर मराठी अक्षरे उमटू लागली, आणि 1991 मध्ये ‘इस्की’ ही संकेतावली भारतीय मानक ठरली. त्या काळात टंकलिखित झालेली पत्रे, स्मरणिका आणि मंडळांची इतिवृत्ते फ्लॉपींवर साठवली गेली. आज ती वाचायची तर योग्य ड्राइव्ह हवी, नियंत्रक हवा आणि जुन्या संकेतांचे युनिकोडमध्ये रूपांतरही हवे. साखळीतील एक कडी निखळली तरी मजकूर मुका होतो.

म्हणून ज्यांच्या घरी अशा फ्लॉपी असतील, त्यांनी घाईने त्या यंत्रात घालू नयेत. पावसाळी दमटपणाने चकतीवर बुरशी चढते. अशी एक चकती डोके मळवते आणि पुढच्या चांगल्या चकतीलाही ओरखडे पडतात. आधी चकती तपासावी, बाजूची खाच चिकटपट्टीने झाकून लेखन बंद करावे, डोके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. अनेक वर्षे बंद असलेला बीबीसी मायक्रो थेट विजेला जोडू नये. त्याच्या वीजपुरवठ्यातील जुने गाळणी कॅपॅसिटर तडकून धूर सोडतात, ते आधी बदलावेत. आणि वाचन साधले की लगेच एकाहून अधिक प्रती कराव्यात. पुढील वापरासाठी त्याच 34 तारांच्या जोडणीत बसणारी, पेनड्राइव्हवरून चालणारी ‘गोटेक’ पेटी उपयोगी पडते.

चकतीवरील चुंबकत्व वर्षागणिक क्षीण होते आणि ही जोडणी स्वतःच्या हातांनी केलेली पिढीही आता साठीकडे झुकली आहे. माजी विद्यार्थ्यांनी आपले ते कसब मुलांना, नातवंडांना शेजारी बसवून एकदा तरी दाखवावे. खोक्यातील मजकूर वाचेलच. शिवाय यंत्राचे झाकण उघडून आत डोकावण्याचे धैर्यही पुढच्या पिढीच्या हाती लागेल.