मांजराची साक्ष
(वाटूर येथील भाषण)

मी मुंबईच्या गोदीत गोण्या उतरवतो. एक काळं मांजर रोज माझ्या डब्याशी बसतं. मला कुणी चेटक्या म्हणत नाही. पण गावाकडं एकट्या म्हातारीच्या छपरावर घुबड बसलं की ती चेटकीण! का? तर तिला नवरा नाही, जमीन नाही. इंग्लंडातबी हेच. १५६६ साली ॲग्नेस वॉटरहाऊस या गरीब बाईला चेटकीण ठरवून फाशी दिली. खटल्यात तिचं मांजर सैतान ठरलं. आज त्याच मुलखातल्या हॅरी पॉटरचं घुबड पत्रं वाटतं, पोरं खूश! आपल्याकडं २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. बाईला करणीवाली ठरवून छळणं गुन्हा आहे. कुणाला तक्रार द्यायची असंल तर चला, मी पोलीस ठाण्यात येतो. सोमवारपर्यंत गावातच आहे.