डोक्याचं रक्षण: कामावरचं हेल्मेट निवडताना

बांधकामावर वरच्या मजल्यावरून निसटलेली एक वीटसुद्धा जीव घेऊ शकते. म्हणून हेल्मेट घेताना आधी आयएसआय चिन्ह आणि आयएस २९२५ हा क्रमांक पाहा. कारखाने आणि बांधकामावरच्या हेल्मेटचं हे भारतीय मानक आहे. दुचाकीचं हेल्मेट वेगळं. ते इथे चालणार नाही.

आता हेल्मेट उलटं करा. आत पट्ट्यांची जाळी दिसेल. कवच आणि जाळी यांच्यातली मोकळी जागा धक्का पचवते. तिथे रुमाल, मोबाइल, तंबाखूची पुडी काहीही कोंबू नका. मागचा पट्टा डोक्याच्या मापाने आवळा. हनुवटीचा पट्टाही लावाच, नाहीतर वाकताना हेल्मेट निसटतं.

विजेच्या कामाला वीजरोधक हेल्मेटच हवं. धातूचं किंवा हवेसाठी भोकं असलेलं नको. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं, म्हणून उत्पादनाची तारीख तपासा. तडा गेला किंवा जोराचा मार बसला, तर वरून धड दिसणारं हेल्मेटही बदला.

ठेकेदारांनो, हेल्मेटचे पैसे मजुरीतून कापू नका. आणि कामगार बंधू-भगिनींनो, साइटवर पाऊल टाकण्याआधी हेल्मेट डोक्यावर चढवा, पट्टा लावा, मगच कामाला लागा.