शाळेने न शिकविलेला धडा



१८१३ साली ज्या अमेरिकन मिशनचे पाद्री मुंबईत उतरले, त्याच मिशनने १८१७ साली अमेरिकेतील कनेटिकट राज्यात, कॉर्नवॉल गावी एक शाळा काढली. हवाई बेटांची, चेरोकी व चोक्टॉ या मूळ रहिवासी जमातींची मुले तेथे शिकत आणि शेतातही राबत. सारी माणसे एका ईश्वराची लेकरे, हा तेथील पहिला धडा.

इलायस बूडिनॉट या चेरोकी विद्यार्थ्याने तो खरा मानला. गावातील हॅरिएट गोल्डशी त्याचे लग्न ठरल्याचे कळताच, १८२५ साली गावकऱ्यांनी दोघांच्या प्रतिमा जाळल्या. चूड लावली ती हॅरिएटच्या सख्ख्या भावाने! शाळेच्या चालकांनीही जाहीर निषेध केला. १८२६ साली लग्न झाले आणि त्याच वर्षी शाळा बंद पडली. रोटीपर्यंत चालले, बेटीपाशी अडले. हे दुखणे आपल्याला नवे नाही.

बूडिनॉटने मात्र विद्या सोडली नाही. १८२८ साली निघालेल्या 'चेरोकी फीनिक्स' या द्वैभाषिक पत्राचा तो पहिला संपादक झाला.

आम्ही कामगार चळवळीतील माणसे शाळेचे मोल जाणतो. पण शाळा किती काढल्या, एवढेच आम्ही विचारीत नाही. शिकलेला मुलगा बरोबरीने पंगतीला बसू लागला, तर त्याला उठवणार काय, हेही आम्ही विचारतो.