प्रागचे घड्याळ आणि तेरा दाते

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी बोलावे असे चिटणीसबाईंनी सुचवले, तेव्हा मी दोनदा नाही म्हटले. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंत. शंभर बायकांचे मसाला-दूध आटवायला सांगा, एकटी करीन. पण सभेत उभे राहायचे म्हणजे पोटात गोळा येतो. चिटणीसबाई म्हणाल्या, "जे तुम्हाला मनापासून सांगावेसे वाटते तेच सांगा." म्हणून आज मी एका घड्याळाविषयी बोलणार आहे. चुकेल तेथे सांभाळून घ्या.

माझा भाचा कामानिमित्त युरोपात प्राग शहरी गेला होता. येताना त्याने तेथल्या घड्याळाचे एक मोठे चित्र आणि माहितीचे पुस्तक आणले. पुस्तक इंग्रजी. माझी लेक दुपारी वाचून मराठीत सांगे आणि मी गहू निवडता निवडता ऐके. पहिल्या दिवशी वाटले, घड्याळात ऐकायचे ते काय? तिसऱ्या दिवशी गहू बाजूला राहिले.

प्राग ही चेक देशाची राजधानी. तेथल्या जुन्या नगरभवनाच्या भिंतीवर हे घड्याळ १४१० साली बसवले. आपल्या ज्ञानेश्वर माउलींनी समाधी घेतली १२९६ साली. त्यानंतर अवघ्या ११४ वर्षांनी. अशा प्रकारच्या अजून चालणाऱ्या घड्याळांत ते सर्वांत जुने मानतात. दर तासाला वरच्या दोन खिडक्या उघडतात आणि ख्रिस्ताच्या बारा शिष्यांच्या मूर्ती एकामागून एक दर्शन देऊन जातात. खाली एक हाडांचा सापळा उभा आहे, तो म्हणजे मृत्यू. तो दोरी ओढून घंटा वाजवतो आणि हातातले वाळूचे घड्याळ उलटे करतो. शेजारी आरशात पाहणारा गर्विष्ठ आहे, पैशाची थैली घेतलेला कृपण आहे. ते माना हलवून "नाही, नाही" म्हणतात. शेवटी सोन्याचा कोंबडा आरवतो आणि तासाचे ठोके पडतात. कीर्तनकारबुवा आपल्याला जे तासभर समजावतात, ते तेथे मिनिटभरात सांगून होते!

पण लोक पाहायला जमतात ती या बाहुल्यांना. मला वेड लावले ते खालच्या तबकडीने. आपल्या घरच्या घड्याळात तास आणि मिनिटे कळतात. येथे सूर्य कोणत्या राशीत आहे, चंद्र कोठे आहे, सूर्य उगवला की मावळला, हे सगळे एकाच तबकडीवर दिसते. मेष, वृषभ, मिथुन अशा बारा राशींचे एक कडे फिरत असते आणि त्यावरून सोन्याचा सूर्य पुढे सरकतो. एका बाहेरच्या कड्यावर १ ते २४ आकडे आहेत. ते तास सूर्यास्तापासून मोजायचे, म्हणून ऋतूप्रमाणे ते कडेही सरकवले जाते. आपल्या जुन्या पंचांगात घटका सूर्योदयापासून मोजतात, त्यांचे तास सूर्यास्तापासून. म्हणजे हे भिंतीवर टांगलेले पंचांगच झाले की!

एक फरक मात्र आहे. त्या घड्याळात सूर्य मकर राशीत येतो तो २२ डिसेंबरच्या सुमारास, आणि आपली संक्रांत १४ जानेवारीच्या सुमारास. लेकीने विचारले, "आई, मग चूक कोणाची?" मी आमच्या गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "चूक कोणाचीच नाही. त्यांची मोजणी सायन, आपली निरयन. मोजायला सुरुवात कोठून केली एवढाच फरक."

आता मुख्य गोष्ट. या तबकडीमागे तीन मोठी दातेरी चाके आहेत. तिन्ही एकाच मापाची, एकाच आसावर. त्यांना फिरवणारी तीन लहान चाकेही सारखीच, प्रत्येकाला २४ दाते. मोठ्या चाकांना मात्र दाते वेगवेगळे: पहिल्याला ३६५, दुसऱ्याला ३६६ आणि तिसऱ्याला ३७९. पहिले राशींचे कडे फिरवते, दुसरे सूर्याचा काटा, तिसरे चंद्राचा.

लेकीने हे वाचले आणि पान उलटले. मी म्हटले, "थांब. ३७९ च का?" ती म्हणाली, "पुस्तकात दिले नाही. आणि आई, ते तुला कशाला?"

भगिनींनो, ते मला जरा लागले. शाळेत माझे गणित बरे होते. पण सातवीनंतर हायस्कूल गावात नव्हते, तालुक्याला होते. वडील म्हणाले, मुलीच्या जातीला रोज कोण नेणार-आणणार? तेव्हा पाटी ठेवली ती ठेवलीच. नंतर गणित केले ते वाण्याच्या हिशेबाचे आणि भिशीचे.

त्या रात्री भांडी आवरल्यावर मी लेकीच्या वहीचे मागचे पान घेऊन बसले. सूर्याचे चाक एका दिवसात एक फेरा करते, म्हणजे ३६६ दाते. दिवसाची मिनिटे १४४०. १४४० ला ३६६ ने भागले, तर एका दात्याला चार मिनिटांना थोडी कमी येतात. चंद्राच्या चाकाला सूर्यापेक्षा १३ दाते जास्त. दाते जास्त म्हणजे फेरा पुरा व्हायला वेळ जास्त. तेरा दात्यांची मिनिटे आली ५१. म्हणजे चंद्र रोज सूर्याच्या सुमारे ५१ मिनिटे मागे पडतो.

मी पेन्सिल खाली ठेवली. हे तर मला ठाऊक होते! संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहत आपण सगळ्याच बसतो. तृतीयेपेक्षा चतुर्थीचा चंद्र उशिरा, पंचमीचा त्याहून उशिरा. सासूबाई म्हणत, चंद्र रोज दोन घटका उशीर करतो. घटका २४ मिनिटांची, दोन घटका म्हणजे ४८ मिनिटे. रोजचा उशीर थोडा कमी-जास्त होतो, पण सरासरी हीच. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. उपाशी पोटी गच्चीवर उभे राहून त्यांना जे कळले, तेच तिकडे कोणी लोखंडाच्या चाकात तेरा दाते वाढवून मांडले होते.

राशींच्या चाकाला सूर्यापेक्षा एक दाता कमी, म्हणून राशी रोज सुमारे चार मिनिटे आधी उगवतात. महिन्यात दोन तास झाले. म्हणूनच जी नक्षत्रे थंडीत संध्याकाळी दिसतात ती उन्हाळ्यात दिसत नाहीत. तेही एकाच दात्याचे काम! चंद्राचा गोळा अर्धा रुपेरी, अर्धा काळा आहे. त्याच्या पोटात वजन बसवले आहे. त्या वजनाने तो स्वतःभोवती वळतो आणि अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंतच्या कला दाखवतो.

सकाळी मी ते पान लेकीपुढे ठेवले. तिने पुन्हा गणित करून पाहिले. उत्तर तेच आले. तेव्हापासून ती "आई, ते तुला कशाला" असे म्हणालेली नाही.

हे घड्याळ केले कोणी, याचीही एक गोष्ट आहे. लोक कित्येक शतके सांगत, की ते हानुश नावाच्या कारागिराने केले आणि त्याने दुसरीकडे असे करू नये म्हणून नगरातल्या पुढाऱ्यांनी त्याचे डोळे काढले. आपल्याकडे ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याचे सांगतात तशीच ही गोष्ट, आणि दोन्हींना पुरावा नाही. पुढे १४१० सालचा एक जुना कागद सापडला, त्यात खऱ्या कारागिराचे नाव निघाले: कादान गावचा मिकुलाश. त्याच्या जोडीला यान शिंडेल नावाचे गणिताचे व ज्योतिषाचे पंडित होते, असे मानतात. गोष्ट रंगतदार होती म्हणून ती राहिली, आणि ज्याने दाते कापले त्याचे नाव शतकानुशतके कोणी घेतले नाही. घरात राबणाऱ्या बाईला याचे नवल वाटणार नाही.

मे १९४५ मध्ये, महायुद्ध संपता संपता, जर्मन तोफांनी नगरभवन पेटले. घड्याळ जळाले, लाकडी मूर्तींची राख झाली. पण तेथल्या लोकांनी ते भंगारात घातले नाही. सुखार्दा नावाच्या शिल्पकाराने मूर्ती नव्याने कोरल्या आणि १९४८ साली घड्याळ पुन्हा चालू झाले. २०१८ साली कित्येक महिने बंद ठेवून पुन्हा मोठी दुरुस्ती केली. बंद पडलेली वस्तू मनावर घेतले तर चालू होते, एवढे मी त्यावरून शिकले.

आता माझ्या घरचे सांगते. लेक यंदा दहावी झाली. तिला शास्त्र शाखेला जायचे आहे. कॉलेज तालुक्यालाच. घरात पुन्हा तेच बोलणे निघाले: रोज एस.टी.ने कोण नेणार-आणणार? पूर्वी मी गप्प बसले असते. या वेळी मी ते वहीचे पान ह्यांच्यापुढे ठेवले आणि म्हटले, "माझे गणित सातवीत थांबले. हिचे थांबू नये." ह्यांनी पान बराच वेळ पाहिले. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी एस.टी.चा पास काढून आणला.

शेवटी मंडळाला एक विनंती. बुधवारची दुपार आपल्या खोलीत मोकळी असते. ज्यांची शाळा मध्येच सुटली अशा आपण कितीतरी जणी आहोत. त्या दुपारी तासभर गणित-वाचन सुरू करावे. शिकवायला कॉलेजात जाणाऱ्या आपल्याच मुली येतील. माझे नाव पहिले लिहून घ्या. पाटी मी घरून आणीन.