दहाव्या मिनिटाचं ट्यूनिंग : बोटीतलं सुपरचार्ज्ड इंजिन कसं टिकवायचं

"गाड्यांची इंजिनं ट्यून करणारे एवढे लोक आहेत, मग बोटीच्या इंजिनात वेगळं असं काय असतं?" हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. आज त्यावरच बोलू.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. गेली बरीच वर्षं दुबई-शारजाच्या बाजूला बोटींच्या आणि जेट-स्कींच्या इंजिनांवर काम करतो. इथे वेगाची हौस भरपूर आणि समुद्र गरम, त्यामुळे सुपरचार्जरचे सगळे आजार इथे बघायला मिळतात.

बोटीला उतार नसतो

गाडी शंभरच्या वेगाने सपाट रस्त्यावर धावते तेव्हा इंजिनाची थोडीच ताकद खर्च होते. मधे सिग्नल येतो, उतार येतो, इंजिन दम खातं. बोटीला हे सुख नाही. पाणी तिला सतत मागे ओढत असतं. पंखा फिरवायला लागणारी ताकद ढोबळमानाने आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे आरपीएम १० टक्के वाढवायचा तर ताकद जवळजवळ ३३ टक्के जास्त लागते. आणि ती पाच सेकंद नाही, तर हात लिव्हरवर असेपर्यंत लागते.

म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो, डायनोवरची दहा सेकंदांची रन बघून खूश होऊ नका. मला दहाव्या मिनिटाला काय होतं ते बघायचंय.

खरा शत्रू उष्णता

सुपरचार्जर काय करतो? इंजिनात जास्त हवा कोंबतो. हवा दाबली की तापते, सायकलचा पंप मारताना नळी गरम होते ना, तसंच. आता हिशेब करू. बाहेर ३५ अंश तापमान आहे आणि ७ पीएसआय बूस्ट आहे, म्हणजे हवा जवळपास दीडपट दाबली. चांगल्या सुपरचार्जरमधूनसुद्धा ती ९० अंशांच्या आसपास तापून बाहेर पडते. ही हवा तशीच आत गेली तर पेट्रोल ठिणगीच्या ज्योतीची वाट न बघता स्फोटासारखं पेटतं. यालाच आपण नॉकिंग म्हणतो. पिस्टनवर आतून हातोडी मारल्यासारखं ते असतं.

म्हणून मधे इंटरकूलर. बोटीत तो बहुधा समुद्राच्या पाण्यावर चालतो, आणि तो हवा त्या पाण्यापेक्षा थंड करूच शकत नाही. अमेरिकेतल्या थंड तळ्यावर २० अंशांच्या पाण्यात ट्यून केलेली बोट ऑगस्टमध्ये आखाती समुद्रात उतरवली, तर पाणीच ३३-३४ अंश असतं. म्हणजे तोच बूस्ट, तेच टायमिंग, पण आतली हवा कितीतरी गरम. अशा वेळी मी आधी टायमिंग मागे घेतो आणि फुल रेसमध्ये मिश्रण श्रीमंत ठेवतो, एका भाग पेट्रोलला साडेअकराच्या आसपास हवा. पाच-दहा हॉर्सपॉवर गेली तरी चालेल.

मिश्रण मोजताना एक अडचण. बोटीच्या एक्झॉस्टमध्ये पाणी सोडलेलं असतं. ऑक्सिजन सेन्सर पाणी मिसळायच्या आधी बसवावा लागतो. त्यावर शिंतोडे उडाले की तो मरतो, आणि मरताना खोटे आकडे दाखवत मरतो. म्हणून स्पार्क प्लग काढून बघायची जुनी सवय सोडू नका. पोर्सेलिनवर ॲल्युमिनियमचे बारीक चमकणारे ठिपके दिसले, तर ते पिस्टनचेच कण आहेत. बोट तिथेच थांबवा.

९१ म्हणजे कुठलं ९१?

हा इथला नेहमीचा सापळा. अमेरिकन मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, ९१ ऑक्टेन वापरा. इथल्या पंपावर ई-प्लस ९१ मिळतं, स्वस्तही असतं. माणूस म्हणतो, जमलं! पण अमेरिकेतला आकडा दोन पद्धतींची सरासरी असतो, इथला आणि आपल्या भारतातला आकडा आरओएन असतो. अमेरिकेतलं ९१ म्हणजे आपलं साधारण ९५-९६. एका गिऱ्हाइकाची बोट अशीच किनाऱ्यापासून सहा मैलांवर बंद पडली. बोटीत मुलं होती, ऊन मी म्हणत होतं, दुसऱ्या बोटीने ओढून आणेपर्यंत तीन तास गेले. उघडलं तर दोन पिस्टनांच्या रिंगा तुटलेल्या. सुपरचार्ज्ड इंजिनाला इथे ९८ घाला, पैशाकडे बघू नका.

लाटेवरून उडाल्यावर

बोट लाटेवरून उडते तेव्हा पंखा पाण्याबाहेर येतो आणि आरपीएम एकदम चढतो. खाली पडली की पंखा पाण्यात रुततो आणि आरपीएम कोसळतो. हजारोंच्या वेगाने फिरणारा सुपरचार्जर मात्र लगेच थांबायला तयार नसतो. हा झटका पचवायला सी-डूच्या रोटॅक्स ४-टेक इंजिनात सुपरचार्जरला घसरणारा क्लच दिला. जुन्या मॉडेलमध्ये त्यातले वॉशर सिरॅमिकचे होते. ते फुटले की तुकडे इंजिनाच्या तेलात जातात, आणि मग पूर्ण इंजिन उघडणं आलं. जुनी जेट-स्की विकत घेत असाल तर पहिला प्रश्न हाच: सुपरचार्जर कधी उघडला, किती तासांनी, आणि वॉशर कुठले बसवले? बिल नसेल तर झालेलं नाही असं समजा.

पट्ट्यावर चालणाऱ्या सुपरचार्जरमध्ये पट्ट्याजवळ काळी भुकटी दिसते का बघा. दिसली तर पट्टा घसरतोय. आणि सुपरचार्जरचं स्वतःचं तेल वेगळं असेल तर तेही बदलायचं असतं, हे अर्ध्या लोकांना माहीतच नसतं.

गोडं पाणी : आधी की नंतर?

खाऱ्या पाण्यातून आलं की गोड्या पाण्याने धुणं आलंच. पण क्रम लक्षात ठेवा. बहुतेक जेट-स्कींमध्ये आधी इंजिन चालू करायचं, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. कारण इंजिन बंद असताना पाणी सोडलं तर ते एक्झॉस्टमधून मागे सिलिंडरपर्यंत जाऊ शकतं. इनबोर्ड बोटीत उलट. तिथे रबरी इम्पेलरचा पंप असतो, तो कोरडा फिरला तर जळतो. म्हणून आधी पाणी, मग इंजिन. आपल्या मॉडेलचं मॅन्युअल एकदा वाचाच.

आणि पेट्रोल इनबोर्ड असेल तर चालू करण्याआधी इंजिनखोलीचा ब्लोअर किमान ४ मिनिटं चालवा. स्टार्टर, अल्टरनेटर गाडीचे लावू नका. बोटीसाठीचे ठिणगी बाहेर न पडू देणारे असतात. पेट्रोलची वाफ जड असते, तळाशी साचते. इथे चूक झाली तर नुकसान इंजिनापुरतं राहत नाही.

मग बूस्ट वाढवायचा की नाही?

मर्क्युरीचंच उदाहरण घ्या. त्यांचं ३०० हॉर्सपॉवरचं व्हेराडो आधी २.६ लिटरचं, सुपरचार्जरवालं होतं. २०१८ मध्ये तेवढ्याच ताकदीचं नवं आलं, ४.६ लिटरचं व्ही-८, सुपरचार्जरशिवाय. पण २०१९ चं ४५० आर काढताना मर्क्युरी रेसिंगने त्याच ४.६ लिटरवर पुन्हा सुपरचार्जर बसवला. म्हणजे सुपरचार्जर वाईट नाही. त्याच्याखालचं इंजिन आणि त्याला थंड ठेवणारी व्यवस्था दणकट हवी.

म्हणून पैसे खर्च करायचा माझा क्रम असा: आधी इंटरकूलर साफ आणि त्यातला झिंक बदललेला, मग इंधनपंप आणि इंजेक्टर, मग एक पायरी थंड प्लग, मग पंखा. ताकद वाढवली आणि पंखा जुनाच ठेवला तर आरपीएम मर्यादेबाहेर जातो. पिच एक इंचाने वाढवली की साधारण दीडशे-दोनशे आरपीएम उतरतो. हे सगळं झाल्यावरच छोटी पुली.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या इंजिनाचे तास, पाण्याचं तापमान आणि प्लगचा फोटो पाठवलात तर पुढच्या भागात त्यावर नक्की बोलू. तोवर सांभाळून चालवा. भेटू.